बिळातलं वाक्य

बुधवारी सकाळी मी मादाम तिसोच्या दुकानात दोन अंडी आणि थोडं लोणी घ्यायला गेले, आणि तिनं मला माझंच वाक्य भेट दिलं. तिच्या गल्ल्यामागे रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. वर तारीख, खाली त्या दिवसाचा संत आणि त्याच्याखाली कुणातरी मोठ्या माणसाचा विचार. पान फाडायच्या आधी मादाम तिसो तो विचार गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवते. लोणी कापता कापता होईल तेवढंच साहित्य तिला लागतं. "अगंबाई, आज संत ओदील! म्हणजे तुमच्याच नावाची संत, तुमचा नामदिवस, मादमोआझेल! आणि आम्हाला पत्ताच नाही. फुलंबिलं दिली की नाही कुणी?" "घरात ठेवायला जागा नाही इतकी," मी म्हटलं. ती खूप हसली, हात पुसले, चष्मा नाकावर ओढला आणि वाचू लागली, "ज्याची कुणी वाट पाहत नाही, त्याला कधी उशीर होत नाही. व्हालेर देलोर्ब, कादंबरीकार आणि नाटककार. वा! काय डोकं असेल बघा माणसाचं! आपल्याला जन्मात सुचायचं नाही असं." "आपल्याला नाहीच," मी म्हटलं. तिनं ते पान टर्रकन फाडलं, दोनदा दुमडलं आणि माझ्या मुठीत कोंबलं. "घ्या, आमच्याकडून नामदिवसाची भेट." मी बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मागून तिची हाक ऐकू आली, "मादमोआझेल मार्शादिए, अहो, अंडी राहिली की!" पण मी परत फिरले नाही. परत गेले असते तर तिनं माझं तोंड पाहिलं असतं.

चौसष्ट वर्षांच्या बाईनं एका कागदासाठी इतकं कासावीस व्हायचं काही कारण नव्हतं. ते वाक्य मी काही पहिल्यांदा पाहत नव्हते. पस्तीस वर्षं ते माझ्या आगेमागे फिरतंय. शाळेच्या पुस्तकात आलं, लग्नाच्या मेजवान्यांतल्या भाषणांत आलं, एकदा तर भुयारी रेल्वेच्या स्टेशनात मनगटी घड्याळाच्या जाहिरातीवर आलं. तेव्हा मी त्या जाहिरातीखाली उभी राहून दोन गाड्या जाऊ दिल्या होत्या. खरं सांगायचं तर तेव्हा मला मनातल्या मनात मौज वाटली होती. एवढ्या मोठ्या पॅरिसमध्ये हे फक्त मला ठाऊक आहे, असं वाटायचं. एकट्या माणसाकडे असलं काहीतरी असावं लागतं. पण कॅलेंडरावर माझं नाव वर आणि त्याचं नाव खाली, आणि मधे माझं वाक्य, अशी मांडणी कधी झाली नव्हती. जिना चढताना मी तिसऱ्या मजल्यावर थांबले. दम लागला म्हणून थांबले असं म्हणता येईल. पण मी तिथं नेहमीच थांबते, दम लागत नव्हता तेव्हापासून.

कारण ते वाक्य तिथंच झालं. आई आणि मी या घरात एकवीस वर्षं राहिलो, बातीन्योल वस्तीतल्या या पाचव्या मजल्यावर, दोन खोल्या, समोर गोदामाचं छप्पर. नाटकाचा प्रयोग संपला की मी धावतपळत यायचे. आई सुपाचं भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून गादीवरच्या पिसांच्या रजईखाली ठेवायची, म्हणजे ते गरम राहायचं. दार उघडायच्या आधीच तिची हाक यायची, "उशीर केलास." मी दहाला आले तरी उशीर, नऊला आले तरी उशीर. "आले ना पण," मी म्हणायचे आणि मोजे काढायचे. वर्षानुवर्षं आमचं एवढंच बोलणं आणि मग सूप. ऑक्टोबरात ती गेली. तीन आठवड्यांनी, रविवारचा दुपारचा प्रयोग संपवून मी घरी निघाले, तर नेहमीसारखी पळत निघाले. बाहेर अजून थोडा उजेड होता. एकेक पायरी गाळत जिना चढत होते, हातात किल्ली तयार, आणि तिसऱ्या मजल्यावर पाय आपोआप थांबले. कशासाठी पळतेयस बाई? मी पायरीवर बसले. रडू आलं नाही, हसूही आलं नाही. नुसतं ते वाक्य आलं, सबंध, कुठंही न खोडलेलं. ज्याची कुणी वाट पाहत नाही, त्याला कधी उशीर होत नाही. मला ते फारसं काही थोर वाटलं नाही. त्या पायरीवर बसल्या बसल्या जे खरं होतं तेवढंच त्यात होतं. मग मी उठले आणि अगदी सावकाश वर गेले.

मी प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या ऐन मधोमध, पायदिव्यांच्या रांगेत, फळीला एक चौकोनी भोक असतं, वरून शिंपल्यासारखं झाकण. त्यात खुर्ची टाकून बसायचं, डोकं फळीच्या वर आणि बाकीची बाई खाली. प्रेक्षकांना झाकण दिसतं, नटांना मी. त्याला आमच्यात बीळच म्हणायचे, आणि आन्सेल्म पुजोल मला बिळातली बाई म्हणायचा. आन्सेल्म आमचा नायक, दक्षिणेकडचा, खांदे रुंद, आवाज घंटेसारखा आणि स्मरणशक्ती चाळणीसारखी. त्याच्यासाठी मी डोळ्यांत तेल घालून बसायचे. प्रॉम्प्टरची कुजबुज घशातून येत नाही, नुसत्या श्वासातून येते. पहिले दोन शब्द द्यायचे, बाकीचे नट उचलतो. आणि नियम एकच. वहीत नाही ते द्यायचं नाही. चूक झाली, नट अडला, की त्या जागी समासात पेन्सिलनं फुली करायची, किती सेकंद गेले ते लिहायचं आणि काय दिलं ते लिहायचं. माझ्या वह्या अशा फुल्यांनी भरलेल्या आहेत. आन्सेल्मच्या इतक्या की दुसऱ्या कुणी पाहिलं तर वाटेल, बाई नाटक ऐकताना भरतकाम करत होती.

व्हालेर देलोर्ब तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. सहा कादंबऱ्या, चार नाटकं आणि जेवणाच्या टेबलावर टाकलेली शेकडो वाक्यं. लोक ती दुसऱ्या दिवशी एकमेकांना सांगायचे. मी अन्याय करणार नाही. माणूस हुशार होता. 'यश म्हणजे अनोळखी लोकांनी करून घेतलेला गैरसमज' हे त्यांचं स्वतःचं. 'लेखकाची बायको ही त्याची पहिली वाचक नसते, पहिली साक्षीदार असते' हेही त्यांचंच. तेव्हा त्यांची बायको तालमीला बसलेली होती आणि ती सोडून सगळे हसले. पण हे गृहस्थ जन्मात कधी कुठं वेळेवर पोहोचले नाहीत. तालमीला सगळी कंपनी ताटकळत बसायची. घरी बायको, दोन मुली, फाटकाशी कुत्रा. पासीला आणखी एक बाई होती, तिथंही वाट पाहणं चालूच. खाली गाडीत ड्रायव्हर. त्या माणसाच्या वाटेकडे इतके डोळे लागलेले असायचे की उशीर करण्यावाचून त्यांना दुसरा धंदाच उरला नव्हता.

त्यांचं नवं नाटक शुक्रवारी उभं राहिलं आणि पडलं. टीकाकार जांभया देत घरी गेले. देलोर्बना वाटलं, तिसऱ्या अंकातला एक संवाद बसत नाहीये. अकरा वर्षांनी नवरा घरी येतो, बायको म्हणते, "तुम्हाला उशीर झाला," आणि त्यावर तो काहीतरी म्हणतो. ते 'काहीतरी' देलोर्ब सारखे बदलायचे. नवा संवाद चिठ्ठीवर लिहून पाठवायचे आणि मी वहीत जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवायची. शनिवारपर्यंत चार झाल्या होत्या. रविवारी दुपारी, जिन्यातल्या त्या रविवारनंतर बरोबर आठवड्यानं, पायदिव्यांच्या उष्णतेनं खळ सुटली. बायको म्हणाली, "तुम्हाला उशीर झाला." आन्सेल्मनं श्वास घेतला आणि त्याचे डोळे खाली माझ्याकडे आले. चार संवाद पाठ केलेला माणूस, एकही आठवेना. मी वहीत पाहिलं. चिठ्ठी नव्हती. ती सुटून माझ्या पायांशी अंधारात पडली होती आणि खालचं सगळं देलोर्बनी शाईनं गिरगटून टाकलं होतं. एक सेकंद. दोन. तीन. आणि मग माझ्या तोंडून ते गेलं, पहिले दोन शब्द नव्हे, सबंध वाक्य. ते मी दिलं असं म्हणता येणार नाही, ते सुटलं. आन्सेल्मनं ते उचललं आणि बायकोकडे न बघता, टोपी काढत, अगदी सावकाश म्हटलं. वरच्या सज्ज्यात कुणीतरी खोकलं आणि मग टाळ्या. मी समासात फुली केली. पंधरा नोव्हेंबर. पुजोल अडला. तीन सेकंद. वहीत नाही. दिलं, आणि पुढे ते वाक्य. काम ते काम.

पडदा पडल्यावर देलोर्ब बिळापाशी वाकले. "मादमोआझेल, कालची चिठ्ठी कुठंय?" मी पायांखालची उचलून दिली. त्यांनी ती वाचली, घडी केली, बंडीच्या खिशात घातली. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, हे तुम्हाला कुठून आलं? त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आई, सूप, तिसरा मजला, सगळं सांगितलं असतं. कुणीतरी विचारावं, एवढंच मला हवं होतं. ते म्हणाले, "तेच राहू द्या." मंगळवारी त्यांच्या अक्षरात, जांभळ्या शाईत, चिठ्ठी आली. माझं वाक्य, खाली त्यांची सही. "चिकटवा," म्हणाले. मी चिकटवली. कुठं चिकटवणार? त्याच जागी, माझ्या पेन्सिलीच्या टिपणावर. नंतर दोनशे बारा प्रयोग झाले. दोनशे बारा वेळा मी ते ओठांनी आन्सेल्मबरोबर म्हटलं. त्या जागी मात्र तो पुन्हा कधी अडला नाही. नवीन वर्षाला देलोर्बनी रंगमंचावरच्या सगळ्या कामगारांना चॉकलेटचा डबा दिला. माझाही सगळ्यांएवढाच होता.

गुरुवारी दुपारी मादाम कोसाद आल्या. पाच मजले चढून येईपर्यंत त्यांच्या टोपीचं पीस कानावर आलं होतं. देलोर्ब जाऊन दहा वर्षं झाली, आणि आपल्याकडे लेखक मेला की त्याच्या मित्रांचं मंडळ निघतं. त्या मंडळातल्या निम्म्यांनी त्याला पाहिलेलंही नसतं. मादाम कोसाद त्या मंडळाच्या चिटणीस, निवृत्त शिक्षिका, मनानं चांगल्या. शनिवारी अकरा वाजता देलोर्बच्या घरावर संगमरवरी पाटी बसणार होती, ते वाक्य कोरलेली. मी माझी प्रॉम्प्टची वही आणावी, ती मंडळाच्या काचेच्या कपाटात राहील, असं त्यांचं म्हणणं. मी लिंडनच्या फुलांचा चहा केला. "त्या एका वाक्यामागे काय भोगलं असेल हो त्यांनी!" मादाम कोसाद कप हातात धरून म्हणाल्या. "आंजेच्या वसतिगृहातला तो नाताळ. सगळी मुलं घरी गेली, आणि सात वर्षांचा व्हालेर एकटा फाटकाशी. आमच्या मंडळाच्या अंकात त्यावर आख्खा लेख आहे." "त्यांची आई दर रविवारी केक घेऊन यायची," मी म्हटलं. "तालमीत त्यांनीच सांगितलं होतं. केक कोरडा असायचा अशी त्यांची तक्रार होती." "मोठी माणसं दुःख लपवतात, मादमोआझेल," त्या माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या.

तेव्हा माझं डोकं फिरलं. वाक्य नेलं ते नेलं, एकवेळ ते चालेल. दोन शब्दांनी कुणी गरीब होत नाही. पण त्याच्याबरोबर माझी पायरीही नेली होती. माझा तिसरा मजला उचलून आंजेच्या फाटकाशी नेऊन ठेवला होता आणि त्यावर एक गुबगुबीत, केक खाल्लेला मुलगा बसवला होता. माझ्याजवळ दुसरं होतं काय? नवरा नाही, मूल नाही, ते बीळसुद्धा अठ्ठावन्न साली फळ्या ठोकून बुजवलं. एक एकटेपण होतं, तेवढं तरी माझ्या नावावर असावं. "मादाम," मी म्हटलं, "ते वाक्य माझं आहे." त्यांनी कप खाली ठेवला, पण दचकल्या नाहीत. उलट फार प्रेमानं बघितलं. "तुम्ही पाचव्या," त्या म्हणाल्या. "म्हणजे?" "आमच्याकडे असं सांगत येणाऱ्या. आंजेचा एक न्हावी येऊन गेला. एक चुलत बहीण. एक पोस्टमास्तर, ते तर रडले. आणि एक पाद्री. मी कुणाला खोटं म्हणत नाही हं. ते वाक्यच असं आहे, प्रत्येकाला आपलं वाटतं. हीच तर देलोर्बची थोरवी." जाताना दारात त्या म्हणाल्या, "वही तेवढी विसरू नका. त्यांच्या हातची चिठ्ठी आहे ना तीत?"

शुक्रवारी सकाळी मी किटलीत पाणी ठेवलं. वाफ यायला लागली तशी वही उघडून ते पान तोटीसमोर धरलं. पस्तीस वर्षांपूर्वीची खळ माझ्याच हातची, मी ती पिठाची करायचे, दुकानातली घ्यायचे नाही, त्यामुळे ती चांगली चिवट होती. बराच वेळ काही झालं नाही. मग एक कोपरा उचलला गेला. खाली माझी फुली दिसली. मी सुरीच्या पाठीनं हलकेच सारत गेले. चिठ्ठी सुटत होती, पण वाफेनं जांभळी शाई फुटली, आधी सही गेली, मग शब्द, आणि शेवटी देलोर्बच्या अक्षराचा एक ओला डाग तेवढा हातात आला. खाली पेन्सिल जशीच्या तशी होती. पंधरा नोव्हेंबर. वहीत नाही. दिलं. पेन्सिलीला पाणी काही करत नाही. मला फार, फार बरं वाटलं, आणि तरी दिवसभर काही खाववलं नाही. चिठ्ठी खिडकीशी वाळत घातली. उद्या सगळ्यांसमोर, पाटीवरचा कपडा सरकायच्या आधी, मी ही वही मादाम कोसादच्या हातात उघडून देणार होते. बघा म्हणावं, पाचवी कोण आहे ते.

शनिवारी थंडी कडक होती. देलोर्बच्या घरासमोरच्या अरुंद गल्लीत तीसेक माणसं, कमरेला तिरंगी पट्टा बांधलेले नगरपालिकेचे एक गृहस्थ, फरचे कोट घातलेल्या देलोर्बच्या दोन्ही मुली. पाटीवर निळा कपडा होता. मी मागे, समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले, पिशवीत वही. दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरली होती. आणि मग दाराच्या पायरीवर आन्सेल्म पुजोल चढला. मी त्याला आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. पंच्याहत्तर वर्षांचा, हातात काठी, खांदे कोटाच्या आत कुठंतरी राहून गेलेले. पहिल्या संचातला जिवंत असलेला तो एकटाच, म्हणून तिसऱ्या अंकातला तो प्रवेश त्यानं म्हणून दाखवायचा, आणि शेवटच्या वाक्याला कपडा सरकवायचा. आवाज मात्र तसाच होता. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. तो बोलत गेला, अकरा वर्षं, रस्ता, दाराशी पोहोचलेला माणूस. बायकोचा संवादही त्यानंच म्हटला, जरा पातळ आवाजात, "तुम्हाला उशीर झाला." त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली, टोपी काढली आणि थांबला.

लोकांना तो अभिनय वाटला. मी एक सेकंद गेला तेव्हाच ओळखलं. त्याचे डोळे पाहिले की मला कळतं, ते रिकामे होतात. दोन. तीन. देलोर्बच्या एका मुलीनं रुमाल काढला. चार. मादाम कोसाद हातात संवादांचा कागद धरून पर्समध्ये चष्मा शोधायला लागल्या. मला ते वाक्य द्यायचं नव्हतं. माझं आहे, नाही देत. पाहू दे सगळ्यांना, ते वाक्य कुणाकडून येतं ते. ते आलं नाही म्हणजे कळेल. पाच, सहा. आयुष्यात पहिल्यांदा मी नट अडलेला असताना ओठ मिटून उभी होते आणि त्यात एक घाणेरडं सुख होतं, ते मी लपवणार नाही. सात. मग आन्सेल्मनं मान खाली घातली. लोकांकडे नाही, कागद धरलेल्या मादाम कोसादकडे नाही. पायरीपुढे दोन हातांवर फरसबंदीत एक जागा होती, तिथं तो बघू लागला. तिथं काही नव्हतं, एक ओलसर दगड आणि सिगारेटचं थोटूक. पण नट जिथं उभा राहतो तिथून बीळ तेवढ्याच अंतरावर असतं. तो शब्द आठवत नव्हता, आठवायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हता. तो माझी वाट पाहत होता. म्हातारा चेहरा, नाकाला थंडीचं पाणी, आणि त्यावर एवढी खात्री, की ती येईल, आत्ता येईल, नेहमी येते. मी वाट काढत पुढे गेले. कुणीतरी "अहो मादाम!" म्हणालं. फरच्या दोन कोटांच्या मधून मी त्या दगडावर जाऊन उभी राहिले आणि श्वासातून, घसा न लावता, पहिले दोन शब्द दिले. "ज्याची कुणी."

त्यानं उचललं. सावकाश, बायकोकडे न बघता, तसंच. कपडा सरकला, खाली कोरीव अक्षरांत सोनं भरलं होतं आणि त्याखाली देलोर्बचं नाव. टाळ्या झाल्या, हातमोजे घातलेल्या हातांच्या, बोथट. मादाम कोसाद डोळे पुसत माझ्यापाशी आल्या. "वही आणलीत ना?" मी पिशवी काखेत घट्ट धरली. "घरी राहिली," म्हटलं. "म्हातारपण, दुसरं काय."

त्या नगरपालिकेच्या गृहस्थांकडे वळल्या. आन्सेल्म काठी टेकत एक पायरी उतरला, मग दुसरी. माझ्यासमोर आला तेव्हा कळलं की तो आता माझ्यापेक्षा फार उंच राहिलेला नाही, किंवा मी बिळाबाहेर त्याच्यासमोर कधी उभीच राहिले नव्हते. त्यानं माझ्या कोटाच्या बाहीला धरलं. रागानं त्याच्या भुवया जवळ आल्या होत्या.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"आले ना पण," मी म्हटलं.